टेक्ला आत्याचं सोवळं विरजण

उत्तरेकडच्या थंड मुलखातल्या आमच्या कोर्पलिडेन गावात घराची पारख चमचा वर उचलून करतात. पाहुणा आला की त्याच्यापुढे लांबदुधाचं वाडगं ठेवायचं, आणि त्याने पहिला चमचा तोंडात न घालता सरळ वर न्यायचा. दुधाची तार हनुवटीपर्यंत आली तर घर ठीक. नाकापर्यंत आली तर चांगलं. कपाळापर्यंत न तुटता आली तर त्या घरात मुलगी द्यायला हरकत नाही. लांबदूध म्हणजे आंबट, गार, वर साखर आणि सुंठ भुरभुरलेलं दूध, आणि ते पाकासारखं ओढलं जातं. ज्यांनी लहानपणापासून खाल्लं नाही त्यांना नुसतं बघूनच कसंतरी होतं. माझी आई दक्षिणेकडची होती. तिला जन्मभर कसंतरी होत राहिलं.

माझ्या टेक्ला आत्याचं दूध कपाळाच्याही वर जायचं. उंच माणसांना ती स्टुलावर उभं राहा म्हणायची, आणि खरंच उभं करायची. एकदा चर्चचे नवे पाद्री ओळख करून घ्यायला आले. मुळातच सहा फुटांचा माणूस, त्यात स्टूल. त्यांचं डोकं दिव्यावर आपटलं, पण तार तुटली नाही. आत्याने आधी तार निरखून पाहिली आणि मग पाद्रीबाबांचं टेंगूळ.

हे विरजण तिला तिच्या आईकडून, म्हणजे माझ्या आजीकडून मिळालेलं. आत्याने लग्न केलं नाही. एक गाय, एक कुत्रा आणि हे मातीचं भांडं, एवढाच तिचा संसार, आणि त्यात भांड्याचा मान पहिला. रोज सकाळी कालच्या दुधातलं दोन चमचे आजच्या दुधात घालायची आणि भांडं गार कोठीत ठेवायची. एवढंच करायचं असतं, गावात सगळेच करतात. पण आत्याने ते विरजण जन्मभर इतकं सोवळ्यात ठेवलं की विचारू नका. पाहुण्याने वाडगं चाटूनपुसून संपवायचं, मग ते वाडगं आणि चमचा उकळत्या पाण्यात जायचे. न जाणो, तळाशी राहिलेला थेंब कोणी घरी घेऊन गेलं तर. एकदा शेजारगावच्या एका बाईने रुमालाला थोडं दूध टिपून न्यायचा बेत केला. आत्याने दारातच रुमाल मागून घेतला, धुतला, इस्त्री केला आणि पोस्टाने परत पाठवला.

विरजण कुणाला द्यायचं नाही आणि कुणाचं घ्यायचंही नाही, हा तिचा नेम. गावातल्या बाकीच्या बाया विरजणात तागाचं फडकं बुडवून वाळवतात आणि माळ्यावर टांगून ठेवतात. कधी भांडं बिघडलंच तर ते फडकं दुधात सोडायचं, की गाडी रुळावर. आत्याला तेही मान्य नव्हतं. नवरा जिवंत असताना दुसरा बघून ठेवण्यातला प्रकार आहे तो, असं ती म्हणायची. नवऱ्याचा अनुभव नसूनही तिची ह्या विषयावरची मतं पक्की होती.

ओढ्यापलीकडे अल्फ्रिदा राहायची. तिचं सगळं उलटं. कोणी मागितलं की भांडंच पुढे करायची, आणि ज्याच्या घरी जाईल तिथलं थोडं बाटलीत घालून आणून आपल्या भांड्यात ओतायची. तिच्या भांड्यात अख्खा तालुका नांदत होता. तिचं दूध लांबीला आत्याच्या दुधाइतकंच, क्वचित जास्तच. ते मान्य करणं आत्याच्या जिवावर यायचं, म्हणून ती चवीबद्दल बोलायची. अल्फ्रिदाच्या दुधाला ओल्या लोकरी हातमोज्याची चव येते, असं तिचं मत होतं. तिने ते कधी खाल्लं होतं, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

ह्या दोघींचा अबोला माझ्या जन्माच्या आधीपासूनचा, आणि त्याचं कारण माझे वडील. वडिलांचा, म्हणजे सिग्फ्रिदचा, आणि अल्फ्रिदाचा साखरपुडा झाला होता. आमच्याकडची रीत अशी की नवरी माहेरच्या विरजणाचं फडकं सोबत आणते आणि तिथे गाईची पहिली धार काढताना ते सासरच्या भांड्यात सोडते. आजी नुकतीच गेलेली, भांडं नुकतंच आत्याच्या ताब्यात आलेलं. आत्याने सांगून टाकलं की आईच्या भांड्यात परक्या घरचं फडकं पडणार नाही. अल्फ्रिदा म्हणाली, फडकं पडणार नसेल तर मीही येणार नाही. वडील मध्ये उभे. ते बोलले असते तर काही झालं असतं, पण ते मूग गिळून बसले, कारण तो त्यांचा स्वभावच होता. पुढे त्यांनी रेल्वेच्या कामावर असताना भेटलेल्या दक्षिणेकडच्या मुलीशी लग्न केलं, जिच्याकडे फडकं वगैरे काही नव्हतं, जी फक्त कॉफी प्यायची. त्यातून मी झालो. तेव्हा ह्या भांडणाबद्दल तक्रार करायचा अधिकार गावात सगळ्यांना आहे, मला नाही.

आता त्या हिवाळ्याची गोष्ट. जानेवारीत पारा उणे चाळिसाच्या खाली उतरला आणि उतरलेलाच राहिला. मी गावची बस चालवतो, ती सुरू व्हायला मागत नव्हती, आत्याचा कुत्रा बाहेर जायला मागत नव्हता. आत्या तेव्हा ऐंशी ओलांडलेली. तिला थंडी वाजत होती, म्हणून तिला वाटलं की विरजणालाही वाजत असणार. तिने भांडं कोठीतून काढलं, आपल्या लोकरी बनियनमध्ये गुंडाळलं आणि चुलीच्या वरच्या फळीवर नेऊन ठेवलं. मी गेलो तेव्हा ते तिथे टोपी घालून बसलेल्या म्हाताऱ्यासारखं दिसत होतं. कुडकुडत होतं बिचारं, आत्या म्हणाली. थंडी संपेपर्यंत ते तिथेच राहिलं.

पहिल्यांदा फरक माझ्या लक्षात आला. रविवारी तिच्याकडे गेलो, चमचा वर नेला, तार हनुवटीपाशी तुटली. आत्याने माझा चमचा बदलला. पुढच्या रविवारी तार टेबलापासून वीतभर वर आली आणि तुटली. आत्याने मला नीट बसायला सांगितलं. त्यानंतर मात्र तारच आली नाही. चमच्यातून दूध थेंब थेंब परत पडलं, कुठल्याही दुकानातल्या दह्यासारखं. चव तीच होती, अगदी तीच. पण आत्या त्या चमच्याकडे बघत राहिली आणि मग तिने मला घरी जायला सांगितलं. कुत्र्यालाही सांगितलं, पण तो कुठे जाणार.

एवढंच असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण माझे वडील तेव्हा लिक्सेलेच्या वृद्धाश्रमात होते, नव्वदीला टेकलेले, आणि शरद ऋतूपासून त्यांनी जेवण सोडत आणलं होतं. सूप नको, मासा नको, बटाटा नको. तिथल्या मुलींनी क्रीमचा केकसुद्धा करून पाहिला. ते मान वळवायचे. फक्त आत्याचं लांबदूध ते खात. मी बस घेऊन जायचो त्या त्या दिवशी आत्या बरणी मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसायची, त्यांना चमच्याने भरवायची आणि बरणी तिथेच उकळत्या पाण्याने धुवायची.

तार गेल्यावर पहिल्यांदा आम्ही गेलो तेव्हा वडिलांनी चमचा हातात घेतला, वर नेला, पाहिला आणि खाली ठेवला. मग खिडकीकडे तोंड केलं. आत्याने सांगितलं की दूध जरा दमलंय, चव बघ, चव तीच आहे. त्यांनी पुन्हा चमचा उचलला नाही. पुढच्या खेपेलाही तेच. मला राग आला होता. मरायला टेकलेला माणूस आणि तारेसाठी अडून बसलाय. पण राग कुणावर काढायचा, त्यांचे हात बघवत नव्हते इतके बारीक झाले होते. तिथल्या परिचारिकेने मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की असंच चाललं तर फार दिवस नाहीत. आत्या दारात उभी होती. तिने ऐकलं.

मी माझ्या मुलीला, मारितला फोन केला. ती उमिओला एका डेअरीच्या प्रयोगशाळेत काम करते आणि तिथे दुधातल्या जीवांच्या मागे दिवसभर लागलेली असते. ती शनिवारी आली, आत्याच्या भांड्यातलं थोडं दूध काचेच्या नळीत घेतलं. साठ वर्षांत पहिल्यांदा त्या घरातलं विरजण आत्याच्या नजरेआड जात होतं, आणि आत्या उंबऱ्यावर उभी राहून त्या नळीकडे बघत होती. पुढच्या शनिवारी मारित परत आली आणि आत्याच्या स्वयंपाकघरात कॉफी घेत घेत तिने काय झालं ते सांगितलं.

"मेले का गं सगळे?" आत्याने विचारलं.

"नाही आजी. सगळे तुझेच आहेत, ठणठणीत आहेत. फक्त तार काढायची विसरलेत."

"मग आठवण करून दे त्यांना."

मारितने समजावून सांगितलं, आणि मला ते जेवढं कळलं तेवढं सांगतो. दुधाच्या एका थेंबात असे अगणित जीव असतात. प्रत्येकाच्या अंगात कसं जगायचं, काय खायचं, दुधाला काय चव आणायची, हे सगळं आईकडून आलेलं पक्कं असतं. पण तार काढायची कला तशी पक्की नसते. ती विणकामाच्या नमुन्यासारखी सुट्या कागदावर असते. एकाचे दोन होताना दोघांना एकेक कागद मिळायला हवा. थंडीत सगळं सावकाश चालतं, मिळतो. आत्याने त्यांना ऊब दिली, ते भराभर वाढायला लागले आणि गडबडीत कोणाकोणाला कागद मिळायचा राहिला. ज्याच्याकडे कागद नाही त्याला विणायचं काम नाही, म्हणून तो आणखी भराभर वाढला. बघता बघता भांडंभर बिनकागदाचेच.

आत्याने फळीवरच्या बनियनकडे पाहिलं. "मी माया केली त्यांच्यावर," ती म्हणाली.

"हो. तेच झालं."

मग मारितने उपाय सांगितला, आणि तिथे घोडं अडलं. हे जीव म्हणे मुलंबाळं होण्याची वाट बघत नाहीत. दोघे एकमेकांना चिकटले की एक जण आपल्या कागदाची नक्कल करून दुसऱ्याला देऊन टाकतो. दुसऱ्याला ती कला तिथल्या तिथे येते, आणि त्याच्या पुढच्या सगळ्या पिढ्यांनाही. कोणी कोणी तर तो कागद आपल्या अंगातल्या पक्क्या मजकुरातच चिकटवून टाकतो, मग तो सहसा सुटत नाही. आपल्याला जे मिळायचं ते आईबापांकडून आणि जन्माच्या आधी. ह्यांना शेजाऱ्याकडून, कधीही.

"तू अल्फ्रिदाकडे कॉफीला गेलीस, तिला खेटून बसलीस आणि उठलीस ती तिचे तरुणपणीचे तांबडे केस घेऊनच, असं समज," मारित म्हणाली.

"देव न करो," आत्या म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं. "अल्फ्रिदा मध्ये कुठून आली?"

मारितने कपातली कॉफी संपवली आणि सांगितलं की तिचंच विरजण लागेल. गावात इतकी तार आणखी कोणाची नाही. आत्याचे आणि अल्फ्रिदाचे जीव गार दुधात काही दिवस एकत्र ठेवायचे. अल्फ्रिदाचे जीव आत्याच्या जीवांना तार देतील. मग त्यातून आईच्या चवीचे आणि तारेचे असे वेगळे निवडून काढायचे.

"नाही," आत्या म्हणाली. "त्यापेक्षा तिचंच दूध नेऊन दे दादाला."

मी म्हटलं तेही करून पाहू. मी खरंच अल्फ्रिदाकडून वाडगाभर आणलं आणि लिक्सेलेला नेलं. वडिलांनी चमचा वर नेला, तार कपाळापर्यंत आली, त्यांचे डोळे चमकले, त्यांनी चमचा तोंडात घातला आणि हळूच रुमालात काढून ठेवला. ते ओल्या हातमोज्याबद्दल आत्या खोटं सांगत नव्हती तर.

हे मी आत्याला सांगितलं तेव्हा ती कुत्र्याला थोपटत होती. मारितला विचारायचा प्रश्न तिने मलाच विचारला, "तो कागद देतो त्याचं काय होतं? देणाऱ्याचं काही जातं का?"

मारितने मला ते आधीच सांगितलं होतं. मी म्हटलं, काही जात नाही. तो नक्कल देतो, मूळ त्याच्याकडेच राहतं.

"काहीच जात नाही?"

"काहीच नाही."

आत्या उठली, बूट घातले, डोक्याला रुमाल बांधला आणि ढकलगाडी काढली. ही आमच्याकडे बर्फावरून पायाने रेटत न्यायची घसरगाडी असते, पुढे बसायला खुर्ची. मी खुर्चीत बसायला गेलो तर तिने तिथे बरणी ठेवली. मी मागून चालत गेलो.

अल्फ्रिदा पायऱ्यांवरचं बर्फ काढत होती. तिचे केस तोवर पांढरे झाले होते, पण वळण तेच. आत्या फाटकातून आत येईपर्यंत ती फावड्यावर हात ठेवून उभी राहिली. दोघी समोरासमोर उभ्या. मला वाटलं, आता मीच काहीतरी बोललं पाहिजे, म्हणून मी हवामानाबद्दल बोललो. दोघींनी माझ्याकडे असं बघितलं की मी फाटकापाशी जाऊन थांबलो.

"वाट चुकलीस का गं, टेक्लाबाई?" अल्फ्रिदा म्हणाली.

"दादा जेवत नाही."

"ऐकलंय."

"माझी तार गेली."

"तेही ऐकलंय. मी म्हटलं, गोठून गेली असेल."

"उबेने गेली," आत्या म्हणाली. "मला तुझं विरजण पाहिजे. माझ्यात घालायला."

अल्फ्रिदाने फावडं भिंतीला लावलं. मला वाटलं ती दार लावून घेणार. साठ वर्षांत तिला असा मौका मिळाला नव्हता आणि तिने तो घालवला असता तर मला तो तिचाच अपमान वाटला असता. तिने घालवला नाही. तिने आत्याला पायरीवर उभं ठेवून, माझ्यादेखत, तेच शब्द पुन्हा म्हणायला लावले. आत्याने म्हटले. मग अल्फ्रिदा आत गेली आणि बरणी काठोकाठ भरून घेऊन आली.

"एक अट आहे," ती म्हणाली. "निवडायचं असेल तेव्हा मी तिथे असणार. माझीही माणसं आहेत त्यात."

तर बरणी मारितकडे पोचवली, आणि निवडायची वेळ आली तेव्हा मी त्या दोघींना बसमध्ये घालून उमिओला नेलं. आत्या ड्रायव्हरच्या मागे, अल्फ्रिदा अगदी शेवटी. मध्ये सगळी बस रिकामी. दोघींनी चर्चला जातानाच्या टोप्या घातल्या होत्या.

मारितने दोन्ही विरजणं एकत्र करून गार दुधात आठवडाभर ठेवली होती, मग त्यातला थेंब खूप पातळ करून काचेच्या तबकड्यांवर पसरला होता. एकेक जीव एकेक जागी बसला आणि वाढून त्याचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका झाला. मारित धातूच्या बारीक तारेचं टोक ठिपक्याला लावायची आणि वर उचलायची. काही ठिपके नुसतेच चिकटायचे. काहींमधून केसासारखा धागा वर यायचा.

"ती माझी," पहिला धागा येताच अल्फ्रिदा म्हणाली.

"कशावरून? बसण्याची ढब आमच्या घरची आहे," आत्या म्हणाली.

ठिपका तो. त्याला कसली ढब आली. पण दोघी तबकडीवर इतक्या ओणवल्या होत्या की टोप्यांच्या कडा एकमेकींना लागत होत्या, आणि लग्नमंडपात वऱ्हाडातली माणसं ओळखावीत तशा त्या ठिपके ओळखत होत्या. मारितने सांगितलं की असं बघून काही कळणार नाही, प्रत्येक ठिपका वेगळ्या दुधात वाढवावा लागेल आणि चव घ्यावी लागेल, पुढच्या आठवड्यात या.

पुढच्या आठवड्यात दोघी बसमध्ये एकाच बाजूला बसल्या. मी कारण विचारलं तर दुसऱ्या बाजूला ऊन येतं म्हणाल्या. बाहेर बर्फ पडत होतं.

डेअरीच्या चव घेण्याच्या खोलीत टेबलावर ओळीने बरण्या मांडलेल्या. मला वाटलं होतं दोन प्रकार निघतील, फार तर तीन. पहिल्या बरणीत भरपूर तार आणि ओला हातमोजा, अल्फ्रिदा खूश. दुसरीत तार नाही आणि आजीची चव, म्हणजे आत्याचे विसरभोळे. तिसरीत तार नाही आणि हातमोजाही ओला, त्यावर अल्फ्रिदा चिडली आणि हे आपल्याकडचे नव्हेतच म्हणाली. मग एकाला करपलेल्या खिरीचा वास. एक इतकं आंबट की माझा एक डोळा मिटला तो मिटलाच. एकाची तार दोघींपैकी कोणाच्याही तारेपेक्षा लांब. मारित ती ओढत ओढत दारापर्यंत गेली आणि परत आली ती गालात हसत. एकाची चव अल्फ्रिदाची, पण कडा मऊ, जणू कोणीतरी त्याला वळण लावलंय.

"दोनच भांडी होती," मारित म्हणाली, "आणि बघा किती निघाले. म्हणून तर हे टिकतात. उद्या ऊब आली, रोग आला, काही आलं, तरी ह्यांतला कोणीतरी उभा राहणारच. सगळे एकसारखे असले की एकाला लागलं ते सगळ्यांना लागतं."

"हे मला उद्देशून होतं का?" आत्याने विचारलं.

"नाही आजी. पण घ्यायचं तर घे."

ओळीच्या जवळजवळ शेवटी एक बरणी होती. आत्याने चमचा घातला, वर नेला. तार नाकापर्यंत आली, कपाळापर्यंत आली. तिने मग तोंडात घेतलं आणि टोपी न काढताच शेजारच्या खुर्चीवर बसली. हातात चमचा तसाच.

"आई," ती म्हणाली.

अल्फ्रिदाने तिच्या हातातला चमचा घेतला, तोच चमचा, न धुता, आणि थोडं चाखलं. बराच वेळ तोंडात घोळवलं. "हो," ती म्हणाली. "तुमच्या आईचंच. साखरपुड्याच्या दिवशी मी दोन वाडगी खाल्ली होती. मला फार आवडलं होतं, पण सांगायचं राहिलं."

मला तिथे उभं राहवेना. मी बस गरम करायला खाली गेलो.

परतीच्या वाटेवर लिक्सेले लागतंच. आत्याने मला आणि अल्फ्रिदाला बजावलं की दादाला काही सांगायचं नाही, तार आपोआप परत आली म्हणायचं. त्याला उगाच ताप नको. अल्फ्रिदा म्हणाली मी बसमध्येच थांबते, मला काय करायचंय. पण वृद्धाश्रमाच्या दारात थांबलो तेव्हा तीच पहिली उतरली.

वडील उशीला टेकून बसले होते. गालांची हाडं वर आलेली. आत्याने वाडगं पुढे धरलं, साखर आणि सुंठ घातली. त्यांनी किती वेळ चमच्याला हातच लावला नाही. मग लावला. चमचा वर जाताना दोनदा थांबला. तार आली. हनुवटी, नाक, कपाळ. तार हलत होती, पण तुटत नव्हती. त्यांनी ती डोळे मिचकावून नीट पाहिली आणि चमचा तोंडात घातला. मी रुमालाकडे बघत होतो. रुमाल तिथेच राहिला.

ते खात राहिले. तिथली परिचारिका दारात येऊन उभी राहिली आणि परत गेली. वाडगं संपत आलं तेव्हा ते थांबले.

"चव आईची आहे," ते म्हणाले. महिनाभरात मी ऐकलेलं त्यांचं पहिलं वाक्य. "तार कुणाची?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. आपोआप परत आली, हे तिच्या ओठांवर होतं, मला दिसत होतं. अल्फ्रिदा दारापाशी टोपी हातात घेऊन उभी होती.

"तार अल्फ्रिदाची," आत्या म्हणाली.

वडिलांनी मान वळवून दाराकडे पाहिलं. मग पुन्हा आत्याकडे. मग वाडग्याकडे, त्यात राहिलेला शेवटचा चमचा त्यांनी खाल्ला, सावकाश, गिळून होईपर्यंत आम्हाला तिष्ठत ठेवून.

"म्हणजे एकत्र करता येत होतं," ते म्हणाले. "मग इतकी वर्षं काय करत होतात दोघी?"

"भांडत होतो," आत्या म्हणाली.

त्यांनी रिकामं वाडगं पुढे सरकवलं. ते अल्फ्रिदाने भरलं.